पहिला खटका

दांडीला दोन खटके असतात, बाबा म्हणाले.
पहिल्यावर थांब.
हा दिवा रस्ता दाखवायचा नाहीच,
आपण इथे उभे आहोत,
एवढंच सांगायचा.

वडाळा, पोर्ट ट्रस्टच्या वसाहतीमागची गल्ली.
दुसऱ्या हाताची पांढरी एट हंड्रेड,
मी बत्तिसाव्या वर्षी शिकायला बसलेले
आणि बाबा शेजारच्या सीटवर पाय दाबत,
जिथे ब्रेक नव्हता तिथे.

उतर. पुढून बघ. आता मागून.
पुढे दोन पिवळट, मागे दोन लाल,
नंबरप्लेटवर एक, जेमतेम.
पाच-पाच वॅटचे पाच. पंचवीस.
बाराने भाग. दोन अँपिअर.
बॅटरी पस्तीसची, म्हणजे रात्र निघेल गं,
पण सकाळी स्टार्टर रुसून बसेल.
तीस वर्षं गोदीत क्रेनच्या वायरी जोडल्या त्यांनी.
आईला पहिल्यांदा भेटले तेव्हाही म्हणे
आधी पगाराची चिठ्ठी काढून दाखवली होती.

त्यांचे राग ठरलेले.
फूलबाजाराबाहेर चारी इंडिकेटर टिकटिकवत
रस्त्याच्या मधोमध ठाण मांडणारे,
जणू लुकलुकलं की सगळं माफ.
तिन्हीसांजेला नुसत्या पार्किंगवर गाडी दामटणारे.
(सासऱ्याने दिली का रे बॅटरी, एवढी जपतोस ती?)
आणि सगळ्यांत जास्त,
काळोखात उभे असलेले ट्रेलर.

रे रोडला ते ओळीने असतात.
मागे लाल म्हणून काही नाही,
फार तर एक चिंधी,
फार तर रिफ्लेक्टरची पट्टी, तिच्यावर चिखल.
बाबा मला गाडी थांबवायला लावतात.
उतरतात. केबिनच्या दारावर थाप मारतात.
भैया, पार्किंग लगाओ.
आतून कधी शिवी येते,
कधी नुसता एक पाय खिडकीबाहेर येतो,
कधी खरंच दिवा लागतो.
मग परत येऊन बसतात, काच वर करतात,
म्हणतात, चल.

इनासकाकांबद्दल ते बोलत नाहीत.
आईने सांगितलं, एकदाच, मेथी निवडता निवडता.
सेकंड शिफ्ट सुटली होती. राजदूत होती त्यांची.
पाऊस नव्हता, दारू नव्हती, काही नव्हतं,
नुसता एक ट्रेलर उभा होता.
त्यांचा डबा बाबांनी घरी नेऊन दिला,
धुऊन.

माझी लॅबची पाळी साडेअकराला सुटायची.
त्या वर्षी गल्लीच्या तोंडाचा खांब
दोन महिने आंधळा होता.
वळले की पार टोकाला, कमरेच्या उंचीवर,
दोन पिवळे ठिपके.
जवळ गेल्यावर आत बाबा, बनियनवर.
काय करताय?
बल्ब तपासतोय.
रोज?
रोज.
मग हेडलाइट तरी लावायचा ना, म्हटलं.
तर म्हणाले,
तुझ्या डोळ्यांवर आला असता.

यंदा त्यांचा मोतीबिंदू काढला. आधी उजवा.
परळची अरुंद गल्ली, संध्याकाळ उतरलेली,
वॉचमनशी हुज्जत घालून मिळवलेली पाच मिनिटं.
इंजिन बंद केलं.
दांडी फिरवली. पहिल्यावर थांबले.

बाबा पायऱ्या उतरले,
काळा चष्मा, हातात थेंबांच्या बाटल्यांची पिशवी.
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.
रांगेत चार गाड्या, चारही पांढऱ्या.
हाक मारावीशी वाटली.
नाही मारली.
कठडा सोडून ते हळूहळू आले,
सरळ,
बॉनेटपाशी वाकले, बराच वेळ,
मग माझ्या काचेवर टकटक केलं.

डावा मंद आहे, म्हणाले.
उद्या बदलून घे.